दुपारी जाणारं नेट

"भाऊ, आज राऊटर बघू नका. तो बघून झालाय. आज हे बघा."

वैशालीताईंनी मोबाइल माझ्यासमोर धरला. पुण्याच्या त्यांच्या मॅनेजरचा मेसेज होता. भाषा सभ्य, इंग्रजी. अर्थ एवढाच, की महिनाअखेरपर्यंत तुमचं नेट सुरळीत झालं नाही तर घरून काम करण्याची परवानगी रद्द, पुढच्या महिन्यापासून पुण्याच्या ऑफिसात हजर व्हायचं. खाली आणखी एक ओळ होती. तुमच्या इंटरनेट कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे दोष तुमच्या घरातच आहे, तेव्हा तो तुम्हीच दूर करावा.

असं म्हणणारी ती इंटरनेट कंपनी म्हणजे मी.

जळगावातल्या एका लहान केबल-इंटरनेट ऑफिसात मी फील्ड सुपरवायझर आहे. लोकांच्या घरी वायर टाकणं, राऊटर बसवणं, बिघडलं तर जाऊन बघणं, हे आमचं काम. तक्रार आली की ती आमच्या मोबाइलमधल्या ॲपवर दिसते. काम झालं की ती 'क्लोज' करायची आणि कारण निवडायचं. कारणं आधीच ठरलेली असतात. वायर तुटली, राऊटर बदलला, लाइट नव्हती, वगैरे. काहीच सापडलं नाही तर एक कारण हमखास चालतं. 'कस्टमर एंड'. म्हणजे आमच्याकडे सगळं ठीक आहे, गडबड ग्राहकाच्या बाजूला आहे. ते निवडलं की ग्राहकाला तसा मेसेज जातो आणि आमच्या शेठच्या स्क्रीनवरचा लाल रंग हिरवा होतो.

वैशालीताईंच्या तक्रारी मी अशाच क्लोज केल्या होत्या. त्यांनी त्या मेसेजचे फोटो भाबडेपणाने मॅनेजरला पाठवले, मी वेळच्या वेळी तक्रार करते आहे याचा पुरावा म्हणून. मॅनेजरने ते नीट वाचले. बाईंनी वाचले नव्हते.

घर मेहरूणमध्ये, तलावाच्या रस्त्याला आतल्या बाजूला. खाली राहायचं, वर मोकळी गच्ची. वैशालीताई एका कंपनीसाठी आरोग्यविम्याचे क्लेम तपासतात. लॉगिन करून बसायचं, एक एक कागद बघायचा, मंजूर की नामंजूर ते सांगायचं. नेट गेलं की लॉगिन जातं, आणि किती वेळ गेलं ते तिकडे आपोआप दिसतं. नवऱ्याची नोकरी धुळ्याला. रोज सकाळच्या एसटीने जातात, दिवेलागणीनंतर परत येतात. चार वर्षांची मुलगी यंदाच शाळेत घातलेली. घरात सासूबाई, त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणते. पुण्याला जायचं म्हणजे मुलीला इथे टाकून जायचं, नाही तर नोकरी सोडायची. तिसरा रस्ता नव्हता.

"यात माझा काय दोष आहे ते तरी सांगा," वैशालीताई म्हणाल्या. "म्हणजे मी तो दूर करते."

मी राऊटरकडेच बघू लागलो.

तोपर्यंत आम्ही काय काय केलं होतं ते सांगतो. तक्रार एकच होती. दुपारी नेट जातं, आपोआप येतं, पुन्हा जातं. आधी फोनवरच सांगितलं, राऊटर बंद करून चालू करा. हे आम्ही सगळ्यांनाच सांगतो. बऱ्याचदा त्याने काम होतं, म्हणून आम्हाला वाटतं की आपल्याला काम येतं. मग आमचा माणूस गेला. राऊटर आणि ताईंची खोली यांच्यामध्ये कूलर होता. पत्र्याचा, पाण्याने भरलेला. पत्रा आणि पाणी दोन्ही वायफायला अडवतात, हे खरं आहे. कूलर सरकवला. अक्कांना झोपताना वारा लागेना, त्यांनी तो रात्री परत जागेवर आणला. पुन्हा सरकवला. मग अडॅप्टर बदलला. मग इन्व्हर्टरच्या पॉइंटवर जोडून दिला. मग अख्खा राऊटर बदलला. दर वेळी संध्याकाळी नेट अगदी छान चालायचं. दर वेळी मी 'कस्टमर एंड' करायचो.

संध्याकाळी का, तर एप्रिल-मे मध्ये आमच्याकडे फील्डचं काम दोनच वेळांत होतं. सकाळी ऊन चढायच्या आत, नाही तर पाचनंतर. मधल्या वेळात खांबावर हात ठेवला तर कातडी सोलून निघेल. शिडी तापते, वायर तापते, माणूस चक्कर येऊन पडतो. त्यामुळे दुपारच्या तक्रारी संध्याकाळी बघायच्या, ही आमच्या धंद्याची रीतच आहे. त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

त्या दिवशी मी राऊटरसमोर उभा राहिलो आणि पहिल्यांदा एक साधा प्रश्न विचारला.

"ताई, नेट जातं तेव्हा यावरचा कोणता दिवा लाल होतो?"

"दिवे कुठे दिसतात?"

राऊटरवर क्रोशाचा विणलेला रुमाल होता. टीव्हीवर, फ्रिजवर, मिक्सरवर होता तसाच, एका नमुन्याचा, कडेला गुलाबी झालर. आमचा माणूस आला की तो उचलायचा, काम झालं की शहाण्या मुलासारखा परत घालायचा. मीही तेच केलं होतं. नवीन राऊटर बसवल्यावर तोच रुमाल त्याच्यावर मी माझ्या हाताने घातला होता.

"हा काढून ठेवावा लागेल, अक्का," मी म्हणालो. "राऊटर तापतो. आणि दिवे दिसत नाहीत."

अक्का शिंदखेड्याकडच्या. एरवी आमच्याशी साधी मराठी बोलतात, राग आला की अहिराणी. "धूळ बठ्ठी आत जाई," त्या म्हणाल्या. "मंग तुम्हीच म्हणशात, राऊटर खराब व्हयना."

"आता खराब व्हायचं काय राहिलंय त्याचं," वैशालीताई लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाल्या. अक्कांनी रुमाल झटकला, चार घड्या घातल्या आणि कपाटात नेऊन ठेवला. कपाटाचं दार जरा जोरात लागलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ताईंचा फोटो आला. एलओएस नावाचा दिवा लाल. हा दिवा लाल होणं म्हणजे वायफाय, कूलर, इन्व्हर्टर यांपैकी कशाचाच काही संबंध नाही. हल्ली घरात येणारी वायर ही तांब्याची नसते. तिच्या पोटात केसासारखा काचेचा तंतू असतो आणि त्यातून वीज नाही, प्रकाश येतो. तो प्रकाश राऊटरपर्यंत पोचला नाही की हा दिवा लागतो. थोडक्यात, इतके दिवस आम्ही नळाची तोटी बदलत होतो आणि पाणी टाकीतूनच येत नव्हतं.

मला लाज वाटली आणि बरंही वाटलं. आता सापडणार होतं. संध्याकाळी मी स्वतः गेलो. खांबावरची पेटी उघडली, जोड कापून नव्याने केला, घरातलं कनेक्टर बदललं. पॉवर मीटर लावला. हे यंत्र वायरमधून किती प्रकाश येतोय ते सांगतं. आकडे उणे असतात. उणे अठरा-एकोणीस म्हणजे उत्तम, उणे सत्तावीसच्या पुढे गेलं की राऊटरला दिसेनासं होतं. माझ्या मीटरवर उणे एकोणीस. मी ताईंना छातीठोक सांगितलं, झालं काम.

पुढच्या दिवशी दुपारी पुन्हा लाल.

मग मध्येच दोन दिवस नेट गेलं नाही. मी निःश्वास सोडला आणि तक्रार क्लोज केली. तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन. मी गेलो तेव्हा ताई थकून गेल्या होत्या. थकलेलं माणूस बोलतं तसं बोलून गेल्या, "अक्का लग्नाला शिंदखेड्याला गेल्या होत्या, तेवढे दोन दिवस बरं चाललं होतं."

आत भांडी घासण्याचा आवाज थांबला.

"म्हणजे मी घरमा नहीं ते नेट चालस," अक्का दारात येऊन म्हणाल्या. "मंग मी जास ना शिंदखेडाले. कायमनी."

"अक्का, मी तसं म्हटलं का?"

"कसं म्हटलं मंग?"

मी बॅग उचलली आणि निघालो. सासू-सुनेच्या मध्ये उभं राहणं आमच्या कामात बसत नाही, असं मी मनाला सांगितलं. खरं तर ताईंनी अक्षरशः उत्तरच माझ्या हातात ठेवलं होतं. मी त्याला घरातली कुरबूर समजलो.

ऑफिसात प्रमोदशेठ स्क्रीन उघडून बसले होते. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, पण मालक.

"सुधाकरभाऊ, एका कनेक्शनपायी किती चकरा मारणार?"

"शेठ, बाईची नोकरी जाते आहे."

"आपण नेट विकतो, नोकऱ्या नाही. दुसऱ्या कंपनीचा नंबर द्या त्यांना. सुटतील त्या, सुटू आपण."

"दुसरं कनेक्शन मिळेपर्यंत महिना संपेल. उद्या दुपारी मी तिथे जाऊन बसतो."

"दुपारी?" शेठनी खुर्ची फिरवली. "या उन्हात? तुम्ही पडलात तर तुमच्या घरून माझ्यावर आणखी एक तक्रार."

"ती 'कस्टमर एंड' करा," मी म्हणालो. शेठ हसले. मला हसू आलं नाही. हा शब्द किती सहज तोंडात येतो, ते मला त्या क्षणी फार झोंबलं.

दुसऱ्या दिवशी डोक्याला रुमाल बांधून, खिशात कांदा घालून मी गेलो. कांद्याने ऊन लागत नाही असं आई म्हणायची. ताईंच्या हॉलमध्ये बसलो. राऊटरच्या आत एक पान असतं, मोबाइलवर ते उघडलं की येणाऱ्या प्रकाशाचा आकडा दिसत राहतो. ते उघडून ठेवलं. ताई आतल्या खोलीत कामाला बसल्या होत्या. अक्का घरात दिसल्या नाहीत. मी विचारलंही नाही.

आधी उणे वीस. बराच वेळ उणे वीस. मग बाहेर झळा सुरू झाल्या. खिडकीचं दार आपटलं आणि आकडा उणे चोवीस झाला. परत एकवीस. पुन्हा वाऱ्याचा झोत, उणे सव्वीस. आणि मग उणे अठ्ठावीस, दिवा लाल, आतून ताईंचा आवाज, "भाऊ, गेलं."

इतक्या वर्षांच्या कामात एक गोष्ट कळते. तुटलेल्या वायरचा आकडा असा झोके घेत नाही. झोके घेतोय म्हणजे वायर कुठेतरी जिवंत आहे आणि तिला काहीतरी ओढतंय. खांबापासून गच्चीच्या कठड्यापर्यंतची वायर मी खिडकीतून बघितली. ताठ होती, हलत नव्हती. राहिली गच्ची.

जिना चढून वर गेलो आणि डोळे दिपले. अख्खी गच्ची जुन्या साड्यांनी झाकलेली होती आणि साड्यांवर बिबडे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बिबडे म्हणजे ज्वारी भिजवून, कांडून, तिचं पीठ लसूण-तिळासकट शिजवून थापलेले मोठे पापड. खान्देशात उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत वर्षाचे बिबडे, कुरडया, सांडगे सगळं होतं. अक्का एकट्या घरापुरतं करत नव्हत्या. लेकींचं, नणंदेचं, गल्लीतल्या दोघी-तिघींचंही त्यांच्याच गच्चीवर वाळत होतं, कारण आजूबाजूला तेवढी मोकळी गच्ची दुसरी नव्हती. जिन्यावरच्या छपराच्या सावलीत त्या काठी घेऊन कावळ्यांवर नजर ठेवून बसल्या होत्या.

आणि कठड्याशी आमची काळी वायर. ती गच्चीवरून आडवी जाते, जिन्याच्या कडेने खाली उतरते. साड्या पसरायला आड येते म्हणून कोणीतरी तिला गोळा करून कठड्याशी नेलं होतं, दुमडलं होतं आणि उडू नये म्हणून साडीच्या टोकासकट तिच्यावर वीट ठेवली होती. झळ आली की साडी फुगायची. साडी फुगली की टोक ओढलं जायचं. टोक ओढलं की विटेच्या धारेवर वायर आणखी दुमडायची. काच दुमडली की प्रकाश पुढे जात नाही. वारा पडला की परत पुढे जायचा.

"अक्का, ही वायर इथे कोणी ठेवली?"

"मी. का?" त्या उठल्या. "वायर शे ती, साप नहीं. सकाळले उचलीसन बाजूले ठेवस. संध्याकाळले बिबडा काढस अन् जठली तठे ठेवी देस. तुम्ही लोक येतस ना, तुम्हले जशीनी तशी भेटाले पायजे."

तेच तर झालं होतं. दुसरं कोणी असतं तर वायर तशीच विटेखाली टाकून गेलं असतं आणि आमच्या माणसाला पहिल्याच संध्याकाळी दिसली असती. अक्का शिस्तीच्या. रोज संध्याकाळी, आम्ही यायच्या आधी, त्या वायर उचलून, हाताने सरळ करून, आम्ही टाकली होती तिथे परत ठेवत होत्या.

मी वीट उचलली. खालून ताई ओरडल्या, "आलं."

अक्कांनी माझ्याकडे बघितलं, मग विटेकडे.

"यामा करंट शे का?"

"करंट नाही. उजेड आहे. नळी दुमडली की पाणी थांबतं ना, तसा हा थांबतो."

त्या कठड्यावर टेकल्या. कठडा तापलेला होता, पण त्यांच्या लक्षात आलं नसावं. मग म्हणाल्या, "म्हणजे तिना कामवर मीच ईट ठेवी."

मी दुमडलेली वायर हाताने सरळ करू लागलो.

"मी तिले काय काय बोलनू. नोकरी तिनी जाई, अन् पाप मना माथे."

"अक्का, पाप कसलं. ही वायर आम्ही गच्चीवर मोकळी टाकलीच कशाला? भिंतीने नेऊन क्लिपा मारायला हव्या होत्या. दिवाळीची घाई होती, माझ्या माणसांनी सरळ टाकून दिली आणि मी बघून हो म्हटलं. वापरायच्या गच्चीवर बाई काम करणारच."

हे मी त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं नाही. ते तसंच होतं. बोलताना मलाच ते पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

आम्ही खाली आलो. ताई खोलीच्या दारात उभ्या होत्या.

"काय होतं?"

"वायर," मी म्हणालो. "आम्ही नीट बसवली नव्हती. वर दुमडत होती."

"एवढंच?"

"एवढंच."

माझ्या मागून अक्का म्हणाल्या, "तो भाऊ अर्धं सांगी ऱ्हायना. ती वायर मी ईटखाल दाबेल व्हती. रोज. बिबडासना साठे."

ताईंच्या चेहऱ्यावर राग आला, गेला, परत आला. मला वाटलं आता घरात महाभारत होणार.

"अक्का, मी मॅनेजरला काय सांगू?" त्या शेवटी म्हणाल्या. "सासूबाईंच्या बिबड्यांनी नेट जात होतं? इंग्रजीत बिबड्याला काय म्हणतात तेही मला माहीत नाही."

"पापड सांग," अक्का म्हणाल्या. "तिकडे पापड समजतस."

ताईंना हसू आवरलं नाही, आणि मग त्या रडल्या. लॅपटॉप वाजला. तोंड पुसून त्या कामाला जाऊन बसल्या. अक्का परत गच्चीवर गेल्या, कावळे आले होते.

त्याच दिवशी संध्याकाळी आम्ही वायर बदलली. बाहेरच्या भिंतीने नेली, हातभर अंतरावर क्लिपा मारल्या, गच्चीला तिचा संबंधच ठेवला नाही. मग मी ऑफिसात जाऊन शेठकडे लेटरहेड मागितलं.

"कशाला?"

"त्यांच्या कंपनीला पत्र द्यायचंय. दोष आमच्या वायरिंगचा होता, ग्राहकाचा नव्हता. आधीचे शेरे चुकीचे होते."

"लेखी?" शेठ म्हणाले. "सुधाकरभाऊ, वीट तुम्ही ठेवली का? त्यांच्या घरच्या बाईने ठेवली. हे तर शंभर टक्के कस्टमर एंड आहे."

शब्दशः बघितलं तर शेठ बरोबर होते. इतके दिवस मी न बघता जे लिहीत होतो, ते बघितल्यावर जवळजवळ खरंच निघालं होतं. पण लिहिताना मला ते माहीत नव्हतं. मी विटेबद्दल लिहिलं नव्हतं. मी फक्त घरी लवकर जायचं म्हणून लिहिलं होतं.

"वायर आपण चुकीची टाकली, शेठ. सही मी करतो. शिक्का तेवढा द्या."

"उद्या अख्खं मेहरूण अशी पत्रं मागायला येईल."

"येऊ द्या. निदान वायरी तरी बघितल्या जातील."

शेठनी शिक्का दिला. तोंड वाकडं करून दिला, पण दिला.

पत्र पुण्याला गेलं. परवानगी रद्द झाली नाही. वैशालीताई मेहरूणलाच आहेत, मुलगी शाळेत जाते, नेट दुपारीही चालतं. पण त्या तिमाहीच्या कामाच्या मूल्यमापनात 'वारंवार गैरहजर' असा शेरा पडला, तो निघाला नाही. मॅनेजरचं म्हणणं, सिस्टीममध्ये एकदा गेलेलं बदलत नाही. ताईंनी मला हे सहज सांगितलं, दुसरंच काहीतरी बोलता बोलता. त्यांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं मला अजूनही वाटतं.

आता मी माझ्या माणसांना एक गोष्ट सक्तीची केली आहे. तक्रार ज्या वेळेची, त्या वेळेलाच जायचं. दुपारची असली तर दुपारी. पोरं मला शिव्या देतात आणि उन्हाकडे बघितलं तर त्यांचंही बरोबर आहे. ज्यांना जाणं जमणार नाही, त्यांच्यासाठी शेठशी भांडून ॲपमध्ये एक नवीन कारण घालून घेतलं. 'कस्टमर एंड'च्या वरच ते दिसतं. 'बघितलं नाही'.

सध्या आमच्या ऑफिसात सगळ्यात जास्त निवडलं जाणारं कारण तेच आहे.